पेंटर गेला तेव्हा गेम 'होतच आला' होता

हे प्रकरण चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. एमएस-सीआयटी क्लासच्या मागच्या खोलीत पाच माणसं शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, मोबाइल गेम करत होती. गेम ज्याच्या डोक्यातून निघाला, ज्यानं तो रंगवला आणि बैल कसे पळायचे ते ठरवलं, तो माणूस पोळ्यानंतर काम सोडून गेला. नावं मी कुणाचीच देत नाही. गावात सगळे त्याला पेंटर म्हणतात, इथंही तेच. मी काही वर्षं पुण्यात गेम कंपनीत प्रोड्युसर होतो आणि आता गावाकडूनच काम करतो, म्हणून भांडण मिटवायला मला बोलावलं. दोन्ही बाजूंनी लिहायला हरकत नाही म्हटलं, तेव्हाच हे लिहायला घेतलं.

मी पोचलो तेव्हा पहिलंच वाक्य ऐकलं ते असं: "गेम तं होतच आला होता, अन् हा गेला." या धंद्यात गेम नेहमीच होत आलेला असतो. पहिले दोन महिने सोडले तर उरलेला सगळा काळ तो होतच आलेला असतो. त्यामुळे या वाक्यावर मी फारसा विश्वास ठेवला नाही. पण ते म्हणणारे खोटंही बोलत नव्हते. बैल पळत होते, धावपट्टी रंगली होती, घुंगरांचा आवाज बसला होता. काय राहिलंय, हे एकट्या पेंटरलाच माहीत होतं.

माणसं आणि खोली

क्लासचे मालक गावात 'सर'. जागा, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, नेटचं बिल सगळं त्यांचं. प्रोग्रामिंग करणारी मुलगी पॉलिटेक्निक झालेली, दिवसा त्याच क्लासमध्ये शिकवते, म्हणून तिला सगळे मॅडम म्हणतात. आवाजाचं काम नाटक कंपनीत ऑर्गन वाजवणाऱ्या काकांकडे. सरांचा भाचा रील बनवायचा आणि गेमचं इन्स्टाग्राम सांभाळायचा.

पेंटर वडशाला नाटकांचे पडदे रंगवायचा. बाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगतो: चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी, आणि इथं दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात. कंपन्यांची कार्यालयं वडशाला, म्हणजे देसाईगंजला असतात. धान घरात आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पट (शंकरपट) होतात आणि त्यानिमित्तानं रात्री नाटक ठेवतात. या रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पेंटरनं म्हणे गावात पेढे वाटले होते.

पटाच्या गेमची कल्पना त्याला बंदीच्या काळात सुचली. सर्वोच्च न्यायालयानं 7 मे 2014 रोजी बैलांच्या शर्यती थांबवल्या. राज्यानं 2017 मध्ये कायदा बदलला, तरी शर्यतींना तात्पुरती परवानगी मिळायला डिसेंबर 2021 उजाडला, आणि घटनापीठानं तो कायदा 18 मे 2023 रोजी वैध ठरवला. एवढ्या वर्षांत पटाचे बैल विकले गेले, धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारे, म्हातारे झाले, आणि शाळेत जाणाऱ्या पोरांनी पट पाहिलाच नाही. पेंटरला त्या पोरांच्या हातात पट द्यायचा होता. निकालानंतर पट पुन्हा जोरात सुरू झाले आणि सरांना त्यात धंदा दिसला. दोघांचं जमलं ते तिथं. दोघांची कारणं वेगळी होती, आणि ती तशी आहेत हे कुणी बोलून दाखवलं नाही.

इंजिनाबद्दल, म्हणजे गेम ज्यावर बांधतात त्या सॉफ्टवेअरबद्दल, थोडक्यात. मॅडम युनिटी हे इंजिन शिकली होती. सप्टेंबर 2023 मध्ये युनिटीनं ठरावीक मर्यादेपुढे प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे आकारायची घोषणा केली. जगभर ओरड झाली आणि वर्षभरानं त्यांनी ती मागे घेतली, पण तोवर मॅडम गोडो या दुसऱ्या इंजिनावर गेली होती. गोडो फुकट आहे, कुणाला काही द्यावं लागत नाही, आणि साध्या फोनवरही चालणारे गेम त्यात करता येतात. या खोलीतला सगळ्यात शहाणा निर्णय मी हाच मानतो, आणि तो पेंटरचा नव्हता.

पेंटर नेमकं काय करायचा

सरांना विचारलं तर म्हणाले, चित्रं काढायचा. मॅडम म्हणाली, डोकं खायचा. दोन्ही खरं. पण जुने चॅट वाचले, फायली उघडून पाहिल्या, तेव्हा त्याचं मुख्य काम वेगळंच दिसलं. तो नकार द्यायचा. दिवसभर कुणी ना कुणी काही सुचवत असे आणि तो बहुतेक गोष्टींना नाही म्हणत असे.

गेम पहिल्यांदा दाखवला त्या प्रत्येकानं तुतारी, म्हणजे बैलाला टोचायची काठी, मागितली. बटन दाबलं की बैलाला टोचलं, बैल पळाला. आता खऱ्या पटात काठी-चाबूक चालवायला नियमांनीच मनाई आहे, पण पेंटरचं कारण नियम हे नव्हतं. तो म्हणायचा, "मारल्यानं एक बैल पळते भाऊ, जोडी नाई पळत." म्हणून त्यानं खेळ असा बांधला की दोन अंगठे म्हणजे दोन बैल. दोघांची पावलं जुळली की वेग वाढतो. एक पुढं काढला की छकडा त्या बाजूला ओढतो आणि जोडी धावपट्टी सोडते. बहुतेक शर्यतीच्या गेममध्ये वेग वाढवणं हे कसब असतं. यात कसब होतं ते तेज बैलाला आवरायचं. मी पुण्यात बरेच रेसिंगचे गेम हाताळले, पण अशी मांडणी पाहिली नव्हती. पहिल्या पाच मिनिटांत वैताग येतो, आणि मग एकदम हात बसतो.

नाण्यांचं तसंच. भाच्याला धावपट्टीवर नाणी हवी होती, सगळ्या गेममध्ये असतात म्हणून. पेंटर म्हणाला, पटात रस्त्यावर पैसे पडलेले असते तर धुरकरी गाडी सोडून खाली उतरला असता. सगळे हसले आणि नाणी गेली.

काकांचा नकार जास्त लागला. त्यांनी शर्यतीसाठी झकास चाल बांधली होती, ऑर्गन आणि ऑक्टोपॅडवर. पेंटरनं ती मेनूच्या पडद्यावर ठेवली आणि शर्यतीतून काढली. शर्यतीत फक्त घुंगरं, खुरांचा धडधडाट आणि भोंग्यातून येणारं समालोचन. काका चार दिवस फिरकले नाहीत. नंतर तेच एका पटावर फोन घेऊन गेले आणि समालोचकाचा आवाज भरून आणला. आज गेममधली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती विचारलं तर मी त्या भोंग्याचं नाव घेईन.

स्वतःलाही तो सोडत नसे. धुक्यातल्या धानाच्या बांध्यांची मोठी मोठी चित्रं त्यानं काढली होती. गेमचा आकार वाढायला लागला, स्वस्त फोनवर तो अडकायला लागला, तेव्हा त्यानं निम्म्याहून जास्त चित्रं स्वतःच काढून टाकली. त्याचे नकार बाकीच्यांनी का ऐकले याचं उत्तर मला तिथं सापडलं. पद म्हणून त्याच्याकडे काहीच नव्हतं. खोलीत खुर्चीसुद्धा क्लासच्या पोरांची होती.

यातलं काहीही कागदावर नव्हतं. का नाही, हे तो तोंडानं सांगायचा, बाकीचे ऐकायचे, आणि तेवढ्यावर गेम पुढं सरकायचा.

का गेला

गावात तीन कारणं फिरतात. पुण्यातल्या एका स्टुडिओत त्याला पगाराची नोकरी मिळाली, हे पहिलं. घरी बहिणीचं लग्न तोंडावर होतं आणि दोन वर्षं धानाचं काही खरं नव्हतं, हे दुसरं. तिसरं कारण म्हणजे ट्रॅक्टर.

पैशाचं कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. पुण्याची तीच नोकरी त्याला आधीच्या उन्हाळ्यातही आली होती आणि तेव्हा तो गेला नव्हता. इथं त्याला मिळायचा तो हातखर्च, तोही सरांच्या क्लासच्या फिया जमल्या की. तरी राहिला. माणूस जातो तेव्हा पगार हे सांगायला सोपं कारण असतं. जाणाऱ्यालाही सोपं, मागं राहणाऱ्यालाही.

ट्रॅक्टरचं असं झालं. सरांनी तालुक्यातल्या एका ट्रॅक्टरच्या दुकानदाराकडून ॲडव्हान्स घेतला. बदल्यात गेममध्ये शेवटच्या रेषेवर त्याचा बॅनर, आणि एक खास फेरी, ज्यात बैलजोडी त्याच्या ट्रॅक्टरशी शर्यत लावेल. पेंटरला हे कळलं ते भाच्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून.

सरांची बाजू मला कमकुवत वाटत नाही. ते म्हणाले, खऱ्या पटात बॅनर नसते का? भाऊंचे, दादांचे, दुकानांचे, सगळेच तं लटकलेले असते. अगदी बरोबर. आणि त्या बॅनरांपैकी कितीतरी खुद्द पेंटरनंच रंगवलेले. बॅनरला त्याचा विरोध नव्हताच. त्याला दोन गोष्टी खटकल्या: न विचारता ठरवलं, आणि बैल ट्रॅक्टरपुढं पळवायचे. दुसरं जास्त. त्याचं म्हणणं, ट्रॅक्टर आला तेव्हाच बैल विकले गेले, आता गेममध्येपण ट्रॅक्टरलाच जिंकवायचं का? सर म्हणाले, बैल जिंकतील असं करू. पेंटर म्हणाला, मग ते खोटं होईल.

त्यावर सर जे बोलले ते आता गावात सगळ्यांना पाठ आहे. "नाई म्हणायले पैसे लागते बाबू. ते माये लागून रायले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर 'लेफ्ट' दिसलं.

या वाक्याबद्दल सरांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतील. मी ठेवणार नाही, कारण ते खरं आहे. दीड-दोन वर्षं वीजबिलापासून इन्व्हर्टरच्या बॅटरीपर्यंत सगळं त्यांनी सोसलं होतं. खर्च करणाऱ्याला मिळकतीचा विचार करायचा हक्क असतोच. चूक इतकीच की बॅनर कुठपर्यंत सरांचा विषय आणि ट्रॅक्टर कुठून पेंटरचा विषय, ही रेघ कधी मारलीच नव्हती. मारली असती तर बॅनर झाला असता, ट्रॅक्टर झाला नसता, आणि माझ्या मते पेंटर अजून तिथं असता. निदान पुढच्या धानापर्यंत तरी.

काय कोणाचं

तो गेल्यावर दोन दिवसांनी लक्षात आलं की गेमचा सगळा कोड ठेवला होता तो पेंटरच्या खात्यावर. प्ले स्टोअरचं डेव्हलपर खातंही त्याच्याच जीमेलवर. मूळ चित्रं त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. यात डाव काही नव्हता. पहिल्या दिवशी ज्याच्याजवळ लॅपटॉप होता त्यानं खातं उघडलं, बस. सर मात्र पोलिसांत जायच्या गोष्टी करत होते.

मी त्यांना आधी कायद्याचं चित्र सांगितलं. प्रताधिकार कायदा, 1957 नुसार नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. पण पेंटरला ना नेमणूकपत्र, ना पगार, ना हजेरी. त्याला नोकर ठरवायला न्यायालयात घाम फुटला असता. आणि नोकर नसेल तर काम ज्यानं केलं त्याचं, जोवर तो लेखी देत नाही तोवर. हक्क देणं तोंडी चालत नाही, सही लागते. त्यातही मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षांचीच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. शंकरपटाचा गेम ही कल्पना मात्र कुणाच्याच मालकीची नाही. उद्या तुम्ही केलात तर ना सर अडवू शकतात, ना पेंटर.

सरांना आणखी एक कलम हवं होतं: पेंटरनं 3 वर्षं बैलांचा गेम करायचा नाही. मी सांगितलं, लिहा हवं तर, पण भारतीय करार कायद्याचं कलम 27 असं बंधन मुळातच रद्द मानतं. सर म्हणाले, मग लिहून फायदा काय? मी म्हटलं, काहीच नाही, तो चिडेल एवढंच.

बोलणी पेंटरच्या मामांच्या घरी झाली. सर आणि पेंटर एकमेकांशी न बोलता माझ्याशी बोलत होते, मामी चहा देत होत्या आणि मधूनमधून दोघांनाही बोल लावत होत्या. पेंटरनं कोड आणि चित्रं द्यायला एका मिनिटात होकार दिला. मला वाटलं होतं इथंच अडेल. अडलं नावावर. गेमच्या सुरुवातीला आपलं नाव यावं, आणि ट्रॅक्टर आला तर येऊ नये, अशी त्याची अट. काम दुसऱ्याला दिल्यावरही ते माझं आहे असं सांगायचा हक्क कायदा मूळ कर्त्याकडेच ठेवतो, त्यामुळे पहिला भाग सोपा होता. दुसऱ्यावर रात्री उशिरापर्यंत बोलणं चाललं. शेवटी असं लिहिलं की शर्यतीच्या नियमात मोठा बदल केल्यास नाव ठेवायचं की काढायचं हे पेंटर ठरवेल. बदल्यात थकलेल्या हातखर्चाचे पैसे दोन हप्त्यांत, आणि एक महिनाभर मॅडमच्या फोनला तो उत्तर देईल. 500 रुपयांच्या मुद्रांकावर सह्या झाल्या.

तांत्रिक हस्तांतरण त्यामानानं किरकोळ. कोड दुसऱ्या खात्यावर हलवायला वेळ लागत नाही. ॲपचं जे कायमचं ओळखनाव असतं त्यात पेंटरनं हौसेनं आडनाव घातलं होतं, आणि एकदा चढवलेलं ते नाव बदलता येत नाही, म्हणून नवं घेतलं. नव्या वैयक्तिक खात्याला गूगलची अट आहे की गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान 12 जणांनी सलग 14 दिवस तपासणीत असायला हवं. क्लासमध्ये पोरांची कमी नव्हती. भाच्यानं एका दुपारी बारा जण जमवले, आणि या सगळ्या प्रकरणात बिनतक्रार झालेलं एवढं एकच काम.

कोनामीची दोन माणसं

सरांना सह्या झाल्यावर हायसं वाटलं. आता गेम आपला. इथं मी त्यांना जपानच्या कोनामी या गेम कंपनीची गोष्ट सांगितली, कारण तिथून दोन मोठी माणसं दोन वर्षांच्या आत बाहेर पडली आणि दोन्ही वेळा नाव कंपनीकडेच राहिलं.

पहिला कोजी इगाराशी, 'कॅसलव्हेनिया' मालिकेचा बराच काळ कर्ताधर्ता. मार्च 2014 मध्ये बाहेर पडला. नाव वापरता येईना, म्हणून 2015 मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून 55 लाख डॉलरहून जास्त जमवले आणि 2019 मध्ये 'ब्लडस्टेन्ड' काढला. खेळणाऱ्याला पहिल्या मिनिटात ओळखू येतं की हे कुणाचं काम. दुसरा हिदेओ कोजिमा. 1986 मध्ये कोनामीत आला, पुढच्या वर्षी 'मेटल गिअर' केला, आणि डिसेंबर 2015 मध्ये बाहेर पडून लगेच स्वतःचा स्टुडिओ काढला. कोनामीनं 2018 मध्ये त्याच्याशिवाय 'मेटल गिअर सर्व्हाइव्ह' आणला. नाव तेच, आणि आत झोंबी, शिवाय दुसरं पात्र जपून ठेवायला जागा हवी तर वेगळे पैसे. लोकांनी तो झिडकारला. ती पैशांची सूचना खोलीत आली तेव्हा तिला हसून उडवणारं कुणी तिथं नसावं, असं मला कायम वाटतं.

पण गोष्ट तिथं संपत नाही, आणि मॅडमनं नेमका पुढचा भाग उचलला. ऑगस्ट 2025 मध्ये कोनामीनं 'मेटल गिअर' मालिकेतला 2004 चा 'स्नेक ईटर' नव्यानं बांधून आणला, कोजिमाशिवायच, आणि तो लोकांना आवडला. का? कारण त्यात काय असावं आणि काय नसावं हे सगळं आधीच ठरलेलं होतं. त्यांनी मूळ गेम जवळजवळ जसाच्या तसा पाळला. म्हणजे गेलेल्या माणसाचे निर्णय पाळता येतात, ते निर्णय कुठंतरी पक्के झालेले असले तर. या खोलीत ते पक्के झालेले नव्हते. गेम बाहेरच पडला नव्हता.

सहा आठवडे

पुढं जे झालं ते मॅडमनं नंतर मला दाखवलं, तारखांसकट. पेंटर गेल्यावर कुणी मुद्दाम काही बिघडवलं नाही. जो तो मदतच करत होता. भाच्यानं नाणी आणली. सरांच्या ओळखीच्या एकानं सुचवलं म्हणून बैलांना रंगीत झुली आणि त्या विकत घ्यायचं दुकान आलं. काकांची चाल शर्यतीत परत आली. क्लासमधल्या पोरांनी तुतारी मागितली, मॅडमनं ती "टेस्टसाठी" घातली आणि मग ती राहिली. ट्रॅक्टर मात्र करारामुळं अडला होता. प्रत्येक गोष्ट एकटी पाहिली तर ठीक होती.

तुतारी आल्यावर जोडी आवरायची गरजच उरली नाही. टोचत राहायचं, बैल पळत राहतात. शेजारच्या गावात मंडईला त्यांनी फोन टेबलावर ठेवून लोकांना गेम खेळायला दिला. पोरं खूश. एका म्हाताऱ्या धुरकऱ्यानं दोन फेऱ्या पाहिल्या आणि म्हणाला, "हे फटफटी हाय गा. जोडी कोठी हाय?"

मॅडमनं मला फोन केला तो त्या रात्री.

माझ्यापुढं पर्याय फार नव्हते. नवा लीड आणावा तर पैसे कुठले, आणि या गावात पट आणि गेम दोन्ही कळणारा दुसरा कुठला? सगळ्यांनी मिळून ठरवायचं म्हणावं तर ते सहा आठवडे करून झालं होतं. पेंटरला परत बोलावणं हे सरांना मान्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पेंटरलाही नव्हतं. उरलं ते मॅडम. तिला मी सांगितलं, आता तू नाही म्हणायचं. ती म्हणाली, मला तर बैल हाकता येत नाही. मी म्हटलं, तुला येत नसेल, पण तो का नाही म्हणायचा ते तू दीड वर्ष ऐकलंयस.

झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर असतो. नट हंगामात कंपनी बदलतात, तालमीला वेळ नसतो, पण संहिता हातात घेऊन बसलेला तो माणूस वाक्य पुरवत राहतो आणि नाटक उभं राहतं. काकांनी हे बोलता बोलता सांगितलं, आणि मॅडमनं दुसऱ्या दिवशी वही घेतली. चॅट उपसून पेंटरचा एकेक नकार तारखेसह उतरवला. समोर कारण. कारण सापडलं नाही तिथं करारातल्या महिन्याचे फोन वापरले. तो रात्री ड्युटी संपवून व्हॉइस नोट पाठवायचा, कधी लांबलचक, कधी नुसतं "ते विसरलो गा, तूच पाय."

सगळ्यात कामाची पानं ही विसरलेल्यांची ठरली. पेंटरच्या बऱ्याच नकारांमागं पक्कं कारण होतं, आणि काहींमागं काहीच नव्हतं. सकाळच्या धुक्यातली शर्यत त्यानं कधीतरी नाकारली होती. का, ते त्यालाही आठवेना. मॅडमनं ती घेतली, कारण पट हिवाळ्यातच होतात आणि धुक्यात समोरची रेषा उशिरा दिसली की जोडी आवरणं आणखी अवघड होतं. माझ्या मते गेममधली आता तीच सर्वांत चांगली फेरी आहे. गेलेल्या माणसाचा प्रत्येक शब्द पाळायचा म्हटलं असतं तर ती झाली नसती.

बाकीचं कापलं. तुतारी गेली, दुकान गेलं, नाणी गेली. झुली राहिल्या, फुकट. काका पुन्हा रुसले, पण या वेळी एकच दिवस. बॅनर राहिला, शेवटच्या रेषेपासून लांब, चहाच्या टपरीशेजारी. दुकानदाराला ट्रॅक्टर नसल्याचं सांगायला सर स्वतः गेले आणि अर्धे पैसे परत करून आले. एक धावपट्टी, तीन वेळा: सकाळचं धुकं, दुपार आणि संध्याकाळ. एवढाच गेम पटाचा हंगाम ऐन भरात असताना प्ले स्टोअरवर गेला. सुरुवातीला पेंटरचं नाव आहे. त्यानं तो पुण्यात डाउनलोड केला आणि मॅडमला दोन चुका कळवल्या, दोन्ही रंगांच्या.

तो तिकडं एका मोठ्या रेसिंग गेममध्ये रस्त्याकडेची झाडं करतो. पगार वेळेवर होतो, बहिणीचं लग्न पार पडलं. परत येणार का असं मी विचारलं नाही, कारण मामींनी माझ्यासमोरच विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, तिकडं नाही म्हणायचं काम दुसऱ्याकडं आहे, मला झोप लागते.

आता सरांना दुसरा भाग हवा आहे. मॅडमनं सांगितलं, आधी भागीदारीचा कागद. मसुदा मी करून दिला: खर्च आणि जाहिरात सरांच्या अखत्यारीत, शर्यतीच्या आत काय असेल ते मॅडमच्या, आणि कोड, खाती, चित्रं भागीदारी संस्थेच्या नावावर. सरांनी पहिलं आणि तिसरं मान्य केलं. दुसऱ्यापुढं त्यांनी पेनानं लिहिलं, 'दोघांच्या संमतीने'. मॅडमनं विचारलं, सही करू का? मी नको म्हटलं. दोघांच्या संमतीनं काय होतं ते पोळ्यानंतरच्या सहा आठवड्यांत पाहून झालंय. कागद तसाच पडून आहे आणि दुसऱ्या भागाचं काम सुरू झालेलं नाही.